कांद्याचे बियाणे, मधमाश्यांची वसाहत आणि कीटकनाशके

जालना व बुलढाणा या जिल्ह्यांतून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास प्रवास करणाऱ्यास काही शेतांत एक वेगळेच दृश्य दिसते. मांडी-कमरेएवढ्या उंचीच्या पोकळ हिरव्या दांड्या उभ्या असतात आणि प्रत्येक दांडीच्या टोकावर पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा असतो. हे कांद्याचेच पीक होय. परंतु ते कांद्यासाठी घेतलेले नसून बियांसाठी घेतलेले असते. निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावावयाचे, त्यांतून निघालेल्या दांड्यांना, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत डेंगळ्यांना किंवा डोंगळ्यांना, फुले येऊ द्यावयाची, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गोंडे वाळवून त्यांतील काळे, कोनाकृती बी झोडून काढावयाचे, असा हा व्यवसाय आहे. महाराष्ट्रात पिकणाऱ्या कांद्याचे मूळ या गोंड्यांत असते.

या भागातील बीजोत्पादकांकडून अलीकडील वर्षांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. गोंडे भरघोस येतात, फुले उमलतात, परंतु झोडणीच्या वेळी हाती फोलच अधिक लागते. ढगाळ हवा, अवेळी गारपीट व फुलोऱ्यातील कडक ऊन ही त्याची कारणे आहेतच. त्यांखेरीज एक कारण असे आहे की, ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या पाठीवरील फवारणीपंपातून निघते.

गोंडा भरतो कसा

एका गोंड्यात काही शेकड्यांपासून हजारापर्यंत लहान फुले असतात. ती सर्व एकदम उमलत नाहीत. दोन ते चार आठवडे उमलण्याचा क्रम चालू राहतो. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर असतात, आणि बीजकोशाच्या तीन कप्प्यांत प्रत्येकी दोन याप्रमाणे सहा बीजांडे असतात. म्हणजे एका फुलापासून फार तर सहा बिया मिळू शकतात.

परंतु निसर्गाने येथे एक अडसर घातला आहे. फूल उमलल्यावर दिवस-दीड दिवसात त्यातील सर्व पराग बाहेर पडून जातो. त्या वेळी कुक्षिवृंत जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो आणि त्याच्या टोकाची कुक्षी पराग स्वीकारण्यास तयार नसते. ती तयार होते तेव्हा त्या फुलाचा स्वतःचा पराग संपलेला असतो. यास्तव त्या फुलास दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो. कांद्याचा पराग वाऱ्याने दूरवर जाण्यासारखा नसतो. हे काम कीटकांचे, आणि त्यांतही मुख्यतः मधमाश्यांचे आहे. बीजप्रमाणीकरणाच्या नियमांनुसार कांद्याच्या दोन जातींच्या बीजक्षेत्रांत अर्धा ते एक किलोमीटर अंतर राखावे लागते. मधमाशी पराग इतका दूर नेते म्हणूनच हा नियम करावा लागला. नियम करणाऱ्यांनी माशीला हिशेबात धरले आहे. फवारणी करणारा मात्र पुष्कळदा तिला विसरतो.

कांद्याचे फूल मधमाशीस फार प्रिय असते असेही नाही. त्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण बरेच असते, आणि शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असेल तर माशी तिकडे वळते. काही शेतकरी गोंड्यांवर गुळाचे पाणी फवारून माश्यांना बोलावतात. काही जण हाताने गोंड्यावर गोंडा घासून पाहतात. हाताने घासल्याने थोडे बी धरते हे खरे. परंतु एकरभर गोंडे महिनाभर, दररोज, योग्य वेळी घासणे किती मजुरांना शक्य होईल, याचा अंदाज कोणासही करता येईल.

याच फुलोऱ्यात पिकावर फुलकिडे येतात. हे अत्यंत बारीक, पिवळसर कीटक पानांतील रस शोषतात व गोंड्यांतही शिरतात. त्यांच्या जोडीस जांभळा करपा हा बुरशीजन्य रोग असतो. दोहोंवर औषध न मारावे तर पीक जाते, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही. त्याची अडचण अशी की, ज्या गोंड्यात त्याचा शत्रू बसलेला असतो, त्याच गोंड्यावर त्याचा मजूरही येत असतो, आणि हा मजूर रोजंदारी मागत नसल्यामुळे त्याची गैरहजेरी लवकर लक्षात येत नाही.

वसाहत हाच एक प्राणी

कीटकनाशकाचा मधमाशीवर होणारा परिणाम समजून घ्यावयाचा असेल तर एकेका माशीचा विचार करून भागत नाही. वसाहतीचा विचार करावा लागतो. एकटी मधमाशी फार काळ जगू शकत नाही. सातेरी जातीच्या भरलेल्या पोळ्यात हजारो कामकरी माश्या, एक राणी आणि हंगामात काहीशे नर असतात. कामकरी माशीचे आयुष्य कामाच्या दिवसांत पाच-सहा आठवड्यांचे. त्यातील पहिले सुमारे तीन आठवडे ती घरात घालवते. प्रथम घरांची सफाई, मग अळ्यांचे भरणपोषण, नंतर मेणाचे काम, दारावर पहारा, आणि शेवटी बाहेर जाऊन मकरंद, पराग व पाणी आणणे, असा तिच्या कामाचा क्रम असतो. अळ्या व कोष यांच्याभोवतीचे तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सिअस राखण्याचे कामही याच माश्या करतात. थंडी असेल तर त्या अंगाचे स्नायू थरथरवून ऊब देतात. उकाडा असेल तर पाणी शिंपडून पंखांनी वारा घालतात.

आता बाहेर गेलेल्या प्रौढ माश्यांपैकी काही दररोज परत येईनाशा झाल्या तर काय होईल? पहिल्या आठवड्यात बाहेरून काहीच दिसत नाही. अन्नाची आवक घटली की घरातील तरुण माश्या वेळेपूर्वीच बाहेर पडू लागतात. या अकाली कामास लागलेल्या माश्या दूरवर जाण्यात कमी पडतात व लवकर मरतात. त्या बाहेर गेल्यामुळे अळ्यांस भरवणारे व ऊब देणारे हात कमी होतात. अळ्या उपाशी किंवा गारठलेल्या राहतात. पुढच्या पिढीत माश्या कमी निपजतात, आणि ज्या निपजतात त्याही अशक्त असतात. अशा रीतीने वसाहत आतून पोकळ होत जाते. ती कोसळते तेव्हा फवारणीस महिना-दीड महिना लोटलेला असतो, आणि दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानीही येत नाही.

पोळ्याखाली मेलेल्या माश्यांचा खच पडला तर विषबाधा ओळखता येते. परंतु खच पडणे हा या व्याधीचा केवळ एक प्रकार आहे, आणि तो सर्वांत घातक असतोच असे नाही.

विषाच्या वाटा

पूर्वीची बहुतेक कीटकनाशके स्पर्शजन्य किंवा पोटात जाऊन बाधणारी होती. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस इत्यादी द्रव्ये मज्जातंतूंच्या सांध्यांवरील एका विकरास निकामी करतात. संदेश पोहोचवून झाल्यावर ॲसिटिलकोलीन या द्रव्याचा निरास करणे हे त्या विकराचे काम असते. ते थांबले की संदेश थांबत नाही, आणि कीटक झटके येऊन मरतो. पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये, उदाहरणार्थ लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, मज्जातंतूंच्या पडद्यातील सोडियमची दारे उघडीच ठेवतात. अशा विषाचा थेंब अंगावर पडलेली माशी बहुधा शेतातच किंवा परतीच्या वाटेवर मरते. एकापरी हे वसाहतीच्या पथ्यावर पडते, कारण विष घरी येत नाही.

घरी येणारे विष अधिक दूरगामी असते. १९७० च्या दशकात अमेरिकेत मिथाइल पॅराथिऑन हे द्रव्य अतिसूक्ष्म कुप्यांत भरून विकले जाऊ लागले. विष हळूहळू सुटावे व फवारणाऱ्या मनुष्यास कमी बाधावे हा त्यामागील हेतू चांगला होता. परंतु त्या कुप्या आकाराने परागकणांएवढ्या होत्या. माश्यांनी त्या परागासह पायांना चिकटवून घरी नेल्या व साठवणीच्या परागात भरल्या. ती साठवण उघडली गेली तेव्हा शेतातील फुले केव्हाच संपली होती. अळ्यांच्या ताटात मात्र विष वाढले गेले.

कीटकांच्या वाढीत अडथळा आणणारी काही औषधे आहेत. त्यांनी प्रौढ माशीस काही होत नाही. ती निर्धास्तपणे पराग आणते, आणि कात टाकण्याच्या वेळी अळी मरते. अशा औषधाच्या चाचणीत केवळ प्रौढ माश्यांचे मरण मोजले तर औषध निर्दोष ठरेल.

१९९० नंतर प्रचारात आलेला निओनिकोटिनॉइड वर्ग, म्हणजे इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, क्लोथियानिडिन इत्यादी, हा आंतरप्रवाही आहे. बियांस चोळलेले किंवा मुळांशी दिलेले औषध रसाबरोबर संपूर्ण झाडात चढते आणि अल्प प्रमाणात मकरंदात व परागातही उतरते. फुलावर फवारणी केलेली नसली तरी फूल निर्विष असेलच असे येथे म्हणता येत नाही. ही द्रव्ये किती प्रखर आहेत हे एका आकड्यावरून कळेल. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने धरलेल्या मापानुसार इमिडाक्लोप्रिड पोटात गेल्यास निम्म्या युरोपीय मधमाश्या मरतील अशी मात्रा माशीमागे सुमारे चार नॅनोग्रॅम आहे. एका ग्रॅममध्ये अशा पंचवीस कोटी मात्रा होतात.

२००८ च्या वसंतात जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात मक्याची पेरणी चालू असता वसाहती धडाधड मरू लागल्या. बियांस लावलेले क्लोथियानिडिन नीट चिकटले नव्हते. पेरणीयंत्राच्या हवेबरोबर त्याची धूळ उडून शेजारच्या फुलांवर बसली होती. अकरा हजारांहून अधिक वसाहतींस त्याची बाधा झाली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये वरील तिन्ही द्रव्यांवर निर्बंध घातले, आणि २०१८ मध्ये कायमस्वरूपी काचगृहांखेरीज त्यांचा उघड्यावरील वापर बंद केला.

न मारणारी मात्रा

मात्रा मारक नसली म्हणजे ती निरुपद्रवी असते, हा समज २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगाने ढासळला. संशोधकांनी सहाशेहून अधिक माश्यांच्या पाठीवर रेडिओलहरींनी ओळखता येणारी इवलीशी खूण चिकटवली. काहींना साखरपाण्यातून थायामेथॉक्झामची अशी मात्रा दिली की, तिने त्या मरू नयेत. काहींना नुसते साखरपाणी दिले. मग सर्वांना पोळ्यापासून दूर नेऊन सोडले. साखरपाणी घेतलेल्यांच्या तुलनेत औषध घेतलेल्या माश्या कमी संख्येने घरी परतल्या. ओळखीच्या प्रदेशात औषधामुळे वाट चुकलेल्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के, तर अनोळखी प्रदेशात सुमारे तीस टक्के होते.

हे असे का व्हावे, ते मधमाशीच्या बुद्धीचा विचार केल्यास समजते. सूर्याची दिशा, वाटेवरील खुणा, फुलाचा वास व रंग हे सर्व तिला स्मरणात ठेवावे लागते. घरी परतल्यावर ती पोळ्यावर नाचून आपल्या बहिणींना फुलांची दिशा व अंतर सांगते. या नाचाचा अर्थ उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. निओनिकोटिनॉइडे मज्जातंतूंच्या ज्या ग्राहकस्थानांवर जाऊन बसतात, तीच या स्मरणाच्या कामी येतात. वाट चुकलेली माशी रात्रभर बाहेर राहून मरते. तिच्या शवाची परीक्षा करावयास कोणी नसते, आणि केली तरी तीत मारक मात्रा सापडणार नाही.

याखेरीज नोसेमा नावाचा आतड्यातील परोपजीवी व इमिडाक्लोप्रिड ही दोन्ही एकाच वेळी असली तर माश्या अधिक मरतात, असेही फ्रान्समधील प्रयोगांत आढळले. रोग व विष यांची बेरीज नव्हे, तर कधीकधी गुणाकार होतो.

तथापि प्रत्येक वसाहतीच्या मरणाचे खापर कीटकनाशकावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण भारतात सातेरी माश्यांच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. त्यामागे अळ्यांना पिशवीसारखे फुगवून मारणारा एक विषाणू होता. मेणकिडे, कोळीवर्गीय परोपजीवी, तोडली जाणारी जुनी झाडे आणि जाळ लावून मध काढण्याची रीत याही गोष्टी आहेतच.

पंपातील मिश्रण

कांदाबीजाच्या शेतात एक गोष्ट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. फुलकिड्यांचे औषध व करप्याचे औषध बहुधा एकाच पंपात मिसळून मारले जाते. मजुरी एकाच फवारणीची पडते. बुरशीनाशकाने कीटक मरत नाहीत, मग त्याची चिंता कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मधमाशीच्या शरीरात विषांची मोडतोड करणारी काही विकरे असतात. प्रोपिकोनॅझोलसारखी ट्रायझोल वर्गातील बुरशीनाशके नेमकी या विकरांना अडवतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगांत लॅम्डा-सायहॅलोथ्रिनबरोबर प्रोपिकोनॅझोल दिले असता त्या कीटकनाशकाची मधमाशीवरील विषारी शक्ती अनेक पटींनी वाढल्याचे दिसून आले. २००६ मध्ये मधमाशीच्या जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा अशी विकरे घडवणारी जनुके तिच्यात फळमाशीच्या मानाने बरीच कमी असल्याचेही कळले.

मिश्र फवारणीचा धोका मनुष्यासही आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या वेळी औषधे मिसळून मारण्याची पद्धतही चर्चेत आली होती.

धन्याविना माश्या

परदेशी पुस्तकांत पुढील उपाय नेहमी सांगितला जातो : फवारणीच्या आदल्या संध्याकाळी मधपाळास कळवावे, म्हणजे तो पेट्या बंद करील किंवा हलवील. जेथे भाड्याने आणलेल्या पेट्या शेतात ठेवलेल्या असतात, तेथे हा उपाय योग्यच आहे. परंतु मराठवाडा व विदर्भाच्या पठारावरील गोंड्यांवर येणाऱ्या माश्यांपैकी पुष्कळ माश्यांना धनीच नसतो. वडाच्या फांदीवर किंवा पाण्याच्या उंच टाकीखाली उघडे पोळे बांधणारी आग्या माशी, झुडपात ओंजळीएवढे पोळे करणारी फुलोरी माशी, आणि झाडाच्या ढोलीत राहणारी रानटी सातेरी यांना कोण कळवणार, आणि त्यांचे दार कोण लावणार?

आग्या माशी ऋतूप्रमाणे लांबवर स्थलांतर करते. एखाद्या वर्षी टाकीखाली आठाऐवजी तीनच पोळी लागली तर गाव म्हणते, माश्या यंदा दुसरीकडे गेल्या. सातेरीचीही अशीच रीत आहे. अन्न तुटले किंवा त्रास झाला की ती राहते घर सोडून निघून जाते. महाबळेश्वरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मधपाळी चालत आली आहे, आणि तेथील मांघर या गावास २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले. अशा ठिकाणी पेटी रिकामी झाली तर ती निदान लक्षात तरी येते. पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांकडे मधपाळास विचारणाही करता येते. पठारावरील रानमाश्यांची मोजदाद ठेवणारे मात्र कोणी नाही. जिची गणती नाही तिची घट सिद्ध करता येत नाही, आणि जी सिद्ध होत नाही ती झालीच नाही असे धरले जाते. कांदाबीजाचा बराच भार अशा गणतीबाहेरच्या कामकऱ्यांवर आहे.

डब्यावरील त्रिकोण व फवारणीची वेळ

भारतात कीटकनाशकांच्या वेष्टनावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. ही विषारीपणाची उतरती श्रेणी सस्तन प्राण्यांवरील चाचण्यांवरून ठरवलेली आहे. ती फवारणाऱ्या मनुष्यासाठी आहे, मधमाशीसाठी नव्हे. स्पिनोसॅड हे मातीतील एका जिवाणूपासून मिळणारे औषध मनुष्यास फारच कमी बाधते. परंतु त्याचा ओला थेंब मधमाशीस मारक असतो. तोच थेंब वाळल्यावर त्याचा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून त्रिकोणाचा रंग पाहून माशीसंबंधी निष्कर्ष काढू नये. माहितीपत्रकातील मधमाशीविषयीची सूचना निराळी वाचावी.

औषध लवकर वाळणारे व अल्पकाळ टिकणारे असेल तर संध्याकाळची फवारणी बरीच हानी टाळते, कारण माश्या तेव्हा परतलेल्या असतात. येथेही एक स्थानिक अपवाद आहे. आग्या माशी चांदण्या रात्री बाहेर पडते. पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी केलेली फवारणी तिच्या दृष्टीने दिवसाचीच फवारणी ठरू शकते. आंतरप्रवाही औषधांच्या बाबतीत तर घड्याळाचा उपयोगच नाही. ती गोंडे उमलण्यापूर्वी पुरेशा आधी थांबवावी लागतात. फुलकिड्यांचा बंदोबस्त जितका फुलोऱ्याच्या अगोदर होईल तितकी फुलोऱ्यातील फवारणी कमी लागते, आणि ती करावीच लागली तर ट्रायझोल वर्गातील बुरशीनाशक तीत न मिसळता निराळ्या दिवशी द्यावे.

ज्या शाळांच्या परिसरात कांदाबीजाची शेते आहेत, तेथील विद्यार्थ्यांस एक निरीक्षण सहज करता येईल. मधमाश्या डंख मारतात व आग्या माशी विशेष चिडकी असते. म्हणून हे शिक्षकांबरोबर, पोळ्यापासून दूर, शांतपणे उभे राहूनच करावे. शेताच्या निरनिराळ्या भागांतील दहा गोंड्यांना दोरा बांधावा. सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान प्रत्येक गोंड्यापाशी पाच मिनिटे थांबून त्यावर किती मधमाश्या बसल्या ते मोजावे, व मोठ्या काळपट आग्या, मध्यम सातेरी व लहान फुलोरी असे तीन रकाने करून लिहावे. हवा ढगाळ होती की स्वच्छ, तेही टिपावे. शेतकऱ्यास विचारून फवारणीची तारीख व औषधांची नावे त्याच वहीत नोंदवावी. फवारणी झालेल्या शेतात दोन दिवस पाऊल टाकू नये. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजणी करावी. दोन-तीन दिवसांत संख्या पूर्ववत झाली तर माश्या औषधाच्या वासाने केवळ दूर राहिल्या असण्याचा संभव आहे. आठवडा उलटूनही, हवा स्वच्छ असून आणि गोंडे उमललेले असून, रकाने रिकामे राहिले, तर ती वही त्या शेतकऱ्यास दाखवावी, आणि झोडणीच्या वेळी दोरा बांधलेल्या दहा गोंड्यांतील बी निराळे काढून वजन करून ठेवावे.